उंडीकरणीची सुकती

पौषातली पहाट. समुद्राने अजून डोळे उघडले नव्हते. नुसत्या पापण्या हलत होत्या. वर मोतिया आभाळ, खाली शिसवी पाणी, आणि दोहोंच्या मधोमध, हळदीचं बोट ओढावं तशी एकच पिवळी रेघ.

उंडीबंदरच्या पुळणीवर इवल्या खेकड्यांनी रात्रभर जागून वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या वळल्या होत्या आणि त्यांच्या रांगोळ्या घातल्या होत्या. कुणासाठी, कोण जाणे. भरती आली की पुसायची, उद्या पुन्हा घालायची. असल्या कामाला कंटाळत नाहीत ते खेकडे, आणि बाया.

वाळूच्या वरच्या अंगाला मर्यादवेल पसरली होती. तिच्या जांभळ्या कर्ण्यांत दवाचे थेंब थरथरत होते. ‘इथवर ये, पुढे नको’ असं समुद्राला बजावणारी ती वेल. दोरीएवढा तिचा जीव, आणि तो अफाट, गर्जत्या छातीचा तिचं ऐकतो.

त्या वेलीला ओलांडून, त्या रांगोळीवर, दिवसाचं पहिलं पाऊल पडलं ते आवडाबायचं.

आवडाबाय तारी. वय अडुसष्ट. ताडासारखी उभी, सुक्या सुपारीसारखी सुरकुतलेली. कासोट्याचं लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, डोक्यावर गाठोडं, हातात काठी. नाकात चमकी आणि जिभेवर मीठ. सुरुंगपाट गावच्या निम्म्या सुना त्या जिभेला भीत, आणि उरलेल्या निम्म्या ती जीभ शिकत.

सुरुंगपाट हे तिचं सासर, उंडीबंदर हे माहेर. एक्कावन्न वर्षांपूर्वी याच पुळणीवरून ती सासरी गेली ती मचव्यातून. शिडाच्या त्या होडक्यात, घोंगडीखाली, ओकाऱ्या देत, डोळे गच्च मिटून. डोळे उघडले तेव्हा सासर आलं होतं. पुढे एसटी सुरू झाली, ती डोंगरापलीकडून. माहेर आणि सासर, तिच्या जन्माची ही दोन टोकं. त्यांच्या मधला किनारा तिने कधी पाहिलाच नव्हता. जणू कुणी लुगड्याचे दोन्ही पदर हातात द्यावेत आणि मधलं वस्त्र लपवून ठेवावं.

मधे काय आहे?

हा प्रश्न तिच्यात शिंपल्यातल्या खड्यासारखा रुतून बसला होता. खड्याचे मोती होतात म्हणे. तिचा झाला नाही. खडा तो खडाच राहिला. टोचणारा, टणक, तिच्याचसारखा.

आणि त्या मधल्या किनाऱ्यावर कुठेतरी तिच्या आईचा शब्द हरवला होता.

त्याची गोष्ट अशी. आवडाला पहिली लेक झाली ती आठव्या महिन्यात, अवचित. बाळंतपणाला माहेरी जायच्या आधीच. रीत अशी, की पहिल्या नातीचं नाव आईच्या आईने आणायचं. ओटीत बांधून आणायचं. बाराव्या दिवशी, दिवेलागणीच्या आत, पाळण्याशी पोचायचं, आणि बाळाच्या कानात पहिल्यांदा तिनेच सांगायचं. उंडीबंदरला निरोप गेला. तिथले सगळे मचवे तेव्हा माल घेऊन मुंबईकडे गेलेले. तेव्हा आई पायी निघाली. निघाली, असं म्हणतात.

बारावा दिवस मावळला. वाती लागल्या. आई आली नाही. सासूने पोरीचं नाव ठेवलं सुनंदा, आणि सुनेच्या कपाळी एक वाक्य ठेवलं: ‘माहेरचा नाव वाटेतच सुकला.’

तीन वर्षांनी भावाच्या लग्नाला आवडा माहेरी आली. आई खवणीवर बसून नारळ खवत होती. डावखुरी होती ती. जेवणाखेरीज सगळी कामं डाव्या हाताने करायची. जाळ्याची गाठसुद्धा उलटी मारायची. मान वर न करता म्हणाली, “इललंय गो मी. पाचव्या खाडीपर्यंत इललंय. पाण्यान अडवल्यान.”

एकवीस वर्षांच्या आवडाची जीभ नुकती धारेला लागली होती. “पाणी रोज सुकता, आये. तुझ्याच वेळार बरा थांबला.” आणि मग, कोयत्याने शेंडी उडवावी तसं, “बरा, नाव खयचा आणललंस, ता तरी सांग.”

आईच्या डाव्या हातातली नारळाची वाटी खवणीवर थांबली. ओठ उघडले. ओठ मिटले. मग वाटी पुन्हा फिरू लागली, आणि पांढरंशुभ्र खोबरं ताटात पडत राहिलं, पडत राहिलं.

नाव नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. आली नव्हती, म्हणून नाव नव्हतं. आवडाने हिशेब मिटवला. त्यानंतर आई पंचवीस वर्षं जगली. मायलेकी बोलल्या, हसल्या, भांडल्या. पण तो विषय घशातल्या काट्यासारखा राहिला. गिळता येईना, काढता येईना, आणि भाताचा मोठा घास घेतला तरी हलेना. आई गेली. काटा आवडाकडे राहिला.

आता पन्नास वर्षांनी सुनंदाच्या लेकीला लेक झाली. सुरुंगपाटलाच, आजोळी. सुनंदा आईजवळ येऊन बसली. “आये, माझा नाव वाटेत रवला. ह्या चेडवाचा नाव तू सांग.”

आवडाबायने तोंड उघडलं. ज्या तोंडाला गावात कधी शब्द कमी पडला नव्हता, त्या तोंडात त्या दिवशी एकही नाव नव्हतं. ओहोटीच्या पुळणीसारखं लख्ख रिकामं तोंड.

म्हणून ती निघाली. एसटीने माहेरी, आणि माहेराहून पायी सासरी. आई आली असेल त्या वाटेने, आई चालली असेल त्या वेगाने. बारशाच्या आत पोचायचं. वाटेत नाव सापडलं तर नाव, खोटेपणा सापडला तर खोटेपणा. पण काहीतरी उचलूनच घरी यायचं.

तिचा लेक सत्यवान म्हणाला होता, “आये, एसटीन दोन तासात येशीत. चार-पाच दिवस पाय कित्याक तोडतंस?”

“एसटीतसून दर्या दिसता? एसटीतसून दिसता ता पुढच्याचा टकला.”

सत्यवानाने टकलावरून हात फिरवला.

*

पहिला दिवस ओल्या वाळूचा.

वाळू कुठे पायाला धरते आणि कुठे सोडते, हे कोळणीच्या पोरीला शिकवावं लागत नाही. लाट जिथे नुकती मागे सरली तिथली वाळू घट्ट. ताज्या लिंपलेल्या अंगणासारखी. एक पाऊल ओल्यात, एक पाऊल सुक्यात. उजव्या हाताला सुरूचं बन, डाव्या हाताला समुद्र. एक पाऊल ओल्यात, एक पाऊल सुक्यात. सूर्य डोंगराआडून वर आला आणि तिची सावली समुद्रात पडली. लाटांनी ती उचलून पाहिली, जड वाटली असावी, परत ठेवली.

काय काय होतं मधे. एक देऊळ होतं, त्यातला देव समुद्राकडे पाठ करून बसलेला. पुजाऱ्याला विचारलं तर म्हणाला, भांडण झालं आहे, कारण मलाही ठाऊक नाही. एक वाडी होती, तिथल्या शेळ्या शेवाळ खात होत्या आणि मुखावर मिठाची पांढरी दाढी मिरवत होत्या. एक हॉटेल होतं, त्याच्या खुर्च्या समुद्राकडे तोंड करून मांडलेल्या, आणि माणसं मात्र समुद्राकडे पाठ करून फोटो काढत उभी. आवडाबाय क्षणभर थांबली. तो देव आणि ही माणसं, एकाच भांडणातली असावीत.

पहिली खाडी पुलाने ओलांडली. पुलाखाली कांदळवन हिरव्या काळोखासारखं पसरलं होतं. सावली आपल्या दुप्पट झाली की थांबायचं, हा तिचा नेम. जिथे थांबली तिथल्या पडवीत एका म्हाताऱ्या कोळणीने तिला भात वाढला, आणि तिने विचारलं, “पन्नास वर्षामागे उंडीबंदरची एक बाय हयसून चलत गेल्याचा कधी आयकलंस?” म्हातारीने मान हलवली. नाही.

दुसरा दिवस माणसांचा.

पुळणीवर रापण ओढायचं काम चाललं होतं. समुद्रात अर्धचंद्राकार पसरलेलं महाजाळं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर, आणि दोरांना चिकटलेली साठ-सत्तर माणसं. मागे झुकलेली, टाचा रोवलेली, एका सुरात ‘हैसा’ म्हणणारी. जणू समुद्रालाच वेसण घालून बाहेर काढताहेत. आवडाबायने गाठोडं खाली ठेवलं आणि दोर धरला.

“आजये, सोड, हात सोलतले,” पुढचा म्हातारा म्हणाला.

“तुझे सोलले काय सांग. माझे देतंय.”

जाळं आलं. रुपेरी, तडफडतं, सहस्रनेत्री. म्हाताऱ्याने तिच्या वाट्याचा बांगडा पानात बांधून दिला. तिने तोच प्रश्न विचारला. तो हसला. “पन्नास वर्षात किती बायो गेल्यो, किती इल्यो. दर्या पावला ठेवता काय?”

खरं होतं. तिने मागे वळून पाहिलं. सकाळपासून घातलेली तिची स्वतःचीच पावलं कुठे होती? एक लाट, आणि सारी कोरी पाटी. दुसरी खाडी तरीच्या होडीतून ओलांडताना ती आपल्या पायांकडेच पाहत होती. तरीवाल्याला वाटलं, म्हातारी पाण्याला भ्याली.

तिसरा दिवस कातळाचा.

वाळू संपली. किनारा उठून उभा राहिला. जांभ्या दगडाचा, ताम्रवर्णी, रुक्ष, विशाल. त्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, गवत सोन्यासारखं वाळलं होतं आणि वारा त्यातून हात फिरवत होता, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. खाली, फार खाली, समुद्र निळा. इतका निळा, की त्याला आवाज आहे हे विसरायला व्हावं. एक समुद्रगरुड वर पंख ताणून लटकला होता. पांढऱ्या पोटाचा, निश्चल, जणू आभाळाला लावलेलं कुलूप.

इथे चालताना तिचं कुतूहल पहिल्यांदा थकलं, आणि त्याच्या जागी भीती येऊन बसली. आई आलीच नसेल तर? मग नाव कधी नव्हतंच, आणि पणजी होऊनही ती पोरीला द्यायला रिकाम्या हातानेच घरी जाणार. आणि आई आली असेल तर? मग पंचवीस वर्षं तिने एका खऱ्या बाईला खोटी म्हणून वागवलं. एका बाजूला दरी, एका बाजूला काटे. पायवाट मात्र पुढेच जात होती. वाटेला त्याचं काय.

सड्याच्या दोन बाजूंना दोन खाड्या. एक चढायच्या आधी ओलांडली, एक उतरल्यावर. तिसरी झाली. चौथी झाली. विचारलेल्या सगळ्यांनी मान हलवली होती. नाही. नाही. नाही गो बाय.

*

चौथा दिवस. गाळवें गाव. पाचवी खाडी.

खाडीचं मुख रुंद, आणि त्या मुखावर वाळूचा लांब दांडा, घराच्या उंबऱ्यासारखा आडवा. भरतीत तो बुडतो, सुकतीत, म्हणजे ओहोटीत, वर येतो, आणि मग माणसं त्यावरून पायी पलीकडे जातात. पूल आहे, पण तीन कोस आत. आवडाबायला पूल नको होता. आई पुलावरून आली नव्हती. तेव्हा पूल नव्हताच.

पाण्याची वेळ तिने पहाटेच काढून ठेवली होती. अष्टमी. तिथीची पाऊणपट करायची, आठाचे सहा. सहाला भरती, बाराला सुकती. हे गणित तिला शाळेने शिकवलं नव्हतं, शाळेने तिला ‘क’ आणि ‘ख’च्या पुढे नेलंच नव्हतं. हे आईने शिकवलं होतं, उंडीबंदरच्या खडकावर बसून, डाव्या हाताची बोटं मोजत. अडुसष्ट वर्षांत ते चुकलं नव्हतं.

सूर्य डोक्यावर आला. सावली पायांत गोळा झाली. आवडाबायने लुगडं वर खोचलं, काठी सरसावली, आणि काठावर येऊन उभी राहिली.

दांडा नव्हता. पाणी होतं. हिरवं, भरलेलं, आळसावलेलं, इकडच्या कांदळापासून तिकडच्या कांदळापर्यंत. समुद्र केव्हाच मागे हटला होता, त्याचे खडक उघडे पडले होते. आणि खाडी मात्र पोट भरून पहुडली होती, आपल्याला कुणी काही सांगितलंच नाही अशी.

आवडाबाय पाण्याकडे पाहत राहिली. सुनेने मीठ विसरलेल्या आमटीकडे सासूने पाहावं, तशी.

“उंडीबंदरची काय गो तू?”

आवाज खडकावरून आला. तिथे एक बाई बसली होती. पन्नाशीची, काळीसावळी, कोयतीच्या टोकाने खडकाला चिकटलेली कालवं फोडणारी. हातांवर शिंपल्यांच्या धारेचे शंभर बारीक वण. शेजारी टोपली, मागे तिचं कौलारू खोपट.

आवडाबाय चपापली. “तुका कोणी सांगितल्यान?”

“पाण्याक रागान बघतंस, म्हणान. हयसर चुकान कोण इलाच तर गप बसता आणि वाट बघता. पाणीच चुकला असा म्हणतत ती फक्त उंडीबंदरची.”

“चुकलाहाच. अष्टमी असा. दुपारी सुकती. माझ्या आवशीन शिकवल्यान माका.”

“तुमच्या गावात खाडी असा?”

“नाय.”

“मगे.” बाईने एक कालव उघडलं, आत मोतिया मांस थरथरलं. “दर्या चंद्राचा आयकता. खाडी दर्याचा आयकता. आणि ही आमची खाडी, तिच्या दारात उंबरो, तेतूर भांगाचे दिवस. ही सासूचासुद्धा आयकणा नाय. एक प्रहर बस आता. थय, त्या दगडार. तो दगड तुमच्याच गावचो.”

अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीचा जोर सरतो, त्याला तिथे भांग म्हणतात. त्या दिवसांत सगळंच पाणी सुस्त. हे आवडाला ठाऊक होतं. खाडीलाही उंबरा असतो, हे ठाऊक नव्हतं. ती दगडावर बसली. गुळगुळीत होता दगड, बसक्या पाठीचा. “माझ्या गावचो कसो?”

बाई हसली. “आमच्याकडे म्हणतत, उंडीकरणीची सुकती. कोणाचो घो सांगान गेलो उद्या येतंय आणि महिन्यान इलो, की बायो म्हणतत, इली गो उंडीकरणीची सुकती. आख्खो गाव म्हणता. कोण उंडीकरीण, ता आता कोणाक म्हायत नाय. माका म्हायत असा. ती हयच बसली होती.”

समुद्र दूर होता. तरी आवडाबायला त्याचा आवाज कानाशी आला.

मग त्या बाईने सांगितलं, तिच्या आईने तिला सांगितलेलं, कालवं फोडता फोडता, एकेक शिंपला उघडावा तसं.

पन्नास वर्षांपूर्वीची अशीच थंडी. अशीच दुपार. दक्षिणेकडून एक बाई आली. ताठ, घामेजलेली, पाय सुजलेले, ओटी गच्च बांधलेली. काठावरच्या बायांना म्हणाली, बाजूला व्हा, पाणी आता वाट देणार. पाण्याने वाट दिली नाही. बाया हसल्या. ती पाण्याला बोलली, अशी बोलली की तसं गाळव्यात तोवर कुणी माणसालाही बोललं नव्हतं. बाया आणखी हसल्या. आणि मग पलीकडच्या काठावर शीड चढलं.

ते शीड सुरुंगपाटला जाणाऱ्या मचव्याचं होतं. दिवसाला एकच मचवा, दुपारचा. तिने हाका मारल्या. वारा उलटा होता. हाका तिच्याच तोंडावर येऊन पडल्या. शीड भरलं, फुगलं, शुभ्र झालं, लहान झालं, ठिपका झालं, नाहीसं झालं. मग कुणी हसलं नाही. मग ती या दगडावर बसली.

काठावरच्या खोपटात तेव्हा एक बाळंतीण होती. दोन पोरी जन्मून गेलेल्या, तिसरी दीड महिन्याची, अजून बिननावाची. गेलेल्यांच्या पाठीवरच्या पोराला घरातल्यांनी नाव ठेवायचं नाही. परक्या वाटसरूने दिलं, तरच ते टिकतं. पण गाळव्याच्या त्या टोकाला वाटसरू येतो कोण? बाळंतीण बाहेर आली. तिने विचारलं, “बाये, ओटीत काय असा गो?”

दगडावरची बाई म्हणाली, “नाव असा.”

“खय नेतंस?”

“आता खयच नाय. दिवेलागणीक पोचूचा होता. आता पोचणा नाय.”

“मगे माका देतंस?”

ओटी गच्च होती, गाठ सुटता सुटेना. आधी म्हणे ती रडली. मग हसली. मग पोरीला मांडीवर घेतलं, आणि जे नाव पाच खाड्या ओलांडून जायचं होतं, ते पाचवीच्या अलीकडेच, एका अनोळखी कानात, हळूच सोडलं. ओटी रिकामी केली. खण, नारळ, बाळाची कुंची. पण देण्याला एक अट होती, जुनी, कठोर. देणाऱ्याने ते नाव पुन्हा जिभेवर घ्यायचं नाही, आणि कुणाला दिलं ते सांगायचं नाही. घेतलं, सांगितलं, तर पोर आल्या वाटेने परत जातं.

“लेकीकसुद्धा सांगूचा नाय?” तिने विचारलं होतं.

“लेकीक तर नायच,” बाळंतीण म्हणाली होती.

प्रहरभराने सुकती आली. दांडा वर आला, वाट झाली. पण रिकाम्या ओटीने बारशाच्या घरी कोण जातं? ती उठली, आणि आली तशी दक्षिणेकडे चालू लागली. पुन्हा कुणी तिला पाहिलं नाही.

बाईने शेवटचं कालव टोपलीत टाकलं. “माझी आवस मराच्या वेळार म्हणाली, ती बाय कोणाची कोण, पण तिचा तोंड बंद रवला म्हणान तू जगलंस.”

खवणीवर थांबलेली नारळाची वाटी. उघडलेले, मिटलेले ओठ. पांढरंशुभ्र खोबरं, पडत राहिलेलं, पडत राहिलेलं. आवडाबायला ते आता दिसलं, पहिल्यांदा दिसलं. आईच्या मिटल्या तोंडात तेव्हा एक तीन वर्षांची पोर होती. गाळव्याच्या काठावर खेळणारी, कुणाची कोण. एक शब्द, आणि लेक खजील झाली असती. एक शब्द, आणि ती पोर... आईने ओठ मिटले होते. नारळ खवला होता. पंचवीस वर्षं.

“तुझा नाव काय गो?” आवाज स्वतःचाच आहे की नाही, हे तिला कळेना.

“पोवळी.”

पोवळी. समुद्राच्या तळाशी वाढणारं, रक्तवर्णी, वाऱ्याला न कळणारं झाड. ते नाव पाण्यावरून गेलं आणि परत आलं.

“आख्ख्या गाळव्यात दुसरी पोवळी नाय,” बाई म्हणाली, थोड्या तोऱ्याने. मग ती खोपटात गेली आणि एक कुंची घेऊन आली. खणाची, कधीकाळी हिरवी, आता शेवाळ वाळल्यासारखी. काठाला तीन कवड्या. “बघ. माझ्या चेडवांकसुद्धा हीच घातली.”

आवडाबायने कुंची उलटी केली. खण कुठलाही असेल, कवड्या कुणाच्याही असतील. तिने गाठी पाहिल्या. जाळ्याच्या गाठी होत्या. तिन्ही उलट्या. डाव्या हाताच्या.

तिने ती कुंची गालाला लावली नाही. तसली बाई ती नव्हती. तिने फक्त त्या गाठींवर अंगठा ठेवला, आणि बराच वेळ उचलला नाही.

*

मग ती तो प्रहर बसली. आईच्या दगडावर, आईच्या दुपारी, आईच्या पाण्यासमोर.

किती लांब असतो एक प्रहर. ऊन पांढऱ्याचं पिवळं झालं, सावल्या लांबू लागल्या. कुरव पक्षी खाडीवर उतरले, उडाले, पुन्हा उतरले. पाणी हलत नव्हतं, मग हललं. आधी कांदळाच्या मुळांवर एक ओली रेघ उघडी पडली. मग दुसरी. मग पाण्याच्या मधोमध एक करडी पाठ दिसली, निजलेल्या जनावराची असावी तशी. ती रुंदावली, लांबली, चकाकली.

“इली,” पोवळी म्हणाली. “उंडीकरणीची सुकती.”

आवडाबाय उठली. तिने ठरवलं होतं ते एका दमात सांगून टाकलं. मऊ बोलायची सवय नव्हती, म्हणून हुकूम केल्यासारखं. “परवा सुरुंगपाटाक बारसा असा. नातीच्या चेडवाचा. ह्या नाव माझ्या घराक जावचा होता. माझ्या आवशीन तुका दिल्यान, म्हणजे आता तुझा. माझ्यान ता देवचा होवचा नाय. तूच येवन पोरीच्या कानात सांग.”

पोवळीने तिच्याकडे पाहिलं. कुंचीकडे पाहिलं. त्या उभ्या, ताठ, खारट म्हातारीत तिला काय दिसलं, ते तिने सांगितलं नाही. एवढंच विचारलं, “माका परत जावचा लागात काय? आल्या वाटेन?”

“पन्नास वर्षां झाली तुका. आता खयचा पोर तू? नाव एका दिव्यान दुसरो लावचो तसा देवचा. पयलो थोडोच इझता?”

पोवळीने कोयती पदराला पुसली. “बारशाक काय करतास?”

“घुगऱ्यो.”

“माका चणे बाधतत.”

“मगे उपाशी ये.”

पोवळीने कोयती वळचणीला खोचली. टोपली शेजारणीच्या पडवीत ठेवली. खोपटाची कडी लावली, आणि कुंची ओटीत बांधली. गच्च, दुहेरी गाठ मारून.

दोघी पाण्यात उतरल्या. आधी गुडघ्याएवढं, मग पोटरीएवढं, मग घोट्याएवढं पाणी. थंड, वाहतं, समुद्राकडे घाईघाईने निघालेलं, उशीर झालेल्या बाईसारखं. मधोमध दांड्यावर आवडाबाय थांबली. वाकली. ओंजळभर पाणी उचललं. ज्या जिभेने त्या पाण्यावरून आईवर वार केला होता, त्या जिभेला तिने ते टेकवलं. खारट होतं. तिच्याएवढंच.

“सुकला गो, आये,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

मागे दांड्यावर पावलांच्या दोन ओळी उमटत गेल्या, दक्षिणेकडून उत्तरेकडे. प्रत्येक पावलात थोडं पाणी थांबलं, प्रत्येक पाण्यात थोडं पिवळं आभाळ. आणि पलीकडच्या काठावर, ओल्या, कोऱ्या, नुकत्या उघड्या पडलेल्या वाळूवर इवले खेकडे बिळांतून बाहेर आले, आणि मोहरीएवढ्या गोळ्या वळत, हळूहळू, कुणाच्या तरी येण्याची रांगोळी घालू लागले.